चमचाभर विरजण

सकाळी दार वाजलं. समोरच्या घरात नुकत्याच राहायला आलेल्या बाई रिकामी वाटी घेऊन उभ्या होत्या. "काकू, जरा विरजण देता? सामान हलवण्यात आमचं नासलं."

मी चमचाभर दही दिलं. पण ते माझं तरी कुठे होतं? गावाहून परतल्यावर मीच ते खालच्या सुमनताईंकडून आणलं होतं. त्यांनी कुणाकडून आणलं, देव जाणे. माणूस दूध विरजायला शिकला तेव्हापासून हे दही असंच दारोदार फिरतंय. दुष्काळ पडले, साथी आल्या, राज्यं बुडाली, पण कुणाच्या तरी घरी चमचाभर उरायचंच आणि मागायला कुणी लाजायचं नाही.

माणूसजात आता फार टिकत नाही, असं टीव्हीवर लोक चेहरे पाडून सांगतात. सांगू देत बापडे! लाखो वर्षांनी आपली बोटं लांब झाली असतील, डोळे मोठे झाले असतील, दुसऱ्याच एखाद्या ग्रहावर डोक्यावर दोन चंद्र असतील. तिथेही एखादीचं दही नासेल आणि ती शेजारचं दार वाजवेल.

त्याच आठवड्यात पाहुणे आले. मी सगळ्या दह्याची कढी केली आणि विरजण बाजूला काढायचंच विसरले. संध्याकाळी वाटी घेऊन समोर गेले.

"दिवेलागणीला देऊ नये म्हणतात," बाई हसल्या, "पण तुमचंच तर आहे." त्यांनी झाकण उचललं. दही असं घट्ट लागलं होतं, की चमचा उभा राहावा!