साडूंचा सॅक्सोफोन आणि त्याचं कडं

संगीताचं आयुष्यात कणभरही नुकसान न केलेल्या वादकांत माझ्या साडूंचा नंबर पहिला लागेल. कारण नुकसान करायलासुद्धा आधी वाजवावं लागतं. साडूंचा सॅक्सोफोन रोज संध्याकाळी पेटीतून निघायचा, पुसला जायचा, त्यांच्या गळ्यात अडकायचा. एका जुन्या हिंदी गाण्याचा मुखडा कसाबसा व्हायचा, आणि आता अंतरा येणार म्हणून आम्ही सावरून बसलो की साडू थांबायचे, भुवया आक्रसायचे आणि म्हणायचे, "नाही. लिगेचर बरोबर नाही."

नव्वदच्या दशकात बंगळूरला बदली होऊन येईपर्यंत लिगेचर म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. सॅक्सोफोनच्या तोंडाशी वेताची एक पातळ पट्टी असते, तिला रीड म्हणतात. ती थरथरते म्हणून आवाज निघतो. तिला जागेवर धरून ठेवणारं बोटभर रुंदीचं कडं, ती लिगेचर. साडू सरकारी कारखान्यात मोठे इंजिनियर. अजस्र यंत्रं त्यांना वचकून असत म्हणे. पण या कड्यापुढे त्यांनी हात टेकले होते. पितळेची लिगेचर आवाज चकचकीत करते, पण कर्कश. चामड्याची आवाजाला ऊब देते, पण आळशी करते. स्क्रू वर असला तर एक, खाली असला तर भलतंच. "रीडला धरायचं, पण धरलंय हे तिला कळता कामा नये," ते डोळे मिटून सांगत. "घट्ट आवळलं की घुसमटते, सैल सोडलं की बहकते." स्वयंपाकघरातून अक्कांचा, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीचा, आवाज यायचा, "एवढा विचार लग्नाच्या वेळी केला होता का हो?"

इंदिरानगरच्या त्यांच्या घरी चहाला जाणं म्हणजे परीक्षेला बसणं होतं. ते मला भिंतीकडे तोंड करून बसवत, एक सूर काढत, मागे बराच वेळ खुडबुड करत, मग पुन्हा तोच सूर काढत. "फरक?" एकदा चहा गार होतोय हे पाहून मी म्हणालो, "दुसरा जरा मोकळा वाटला." साडू आनंदानं ओरडले, "अहो, मी लिगेचर बदललीच नव्हती! काढून तीच परत लावली!" मी ओशाळलो. पण ते उठून माझा हात हातात घेऊन म्हणाले, "म्हणजे बघा, नुसती काढून लावली तरी एवढा फरक पडतो!"

इलेक्ट्रॉनिक सिटीतला त्यांचा एक भाचा अमेरिकेला निघाला, तेव्हा बाकीच्यांनी सेंट मागितलं, साडूंनी लिगेचर. परतताना विमानतळावर कस्टमवाल्यानं ते चामडी कडं निरखून विचारलं, "कुत्र्याचं पिल्लू कुठंय?" शिवाजीनगरच्या एका लेथवाल्याकडून साडूंनी स्वतःच्या नकाशाबरहुकूम पितळी कडी करवून घेतली. तो बिचारा म्हणाला, "साब, कौनसे पंप का पार्ट है?" साडू दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. घरात त्यामुळे फारच शांतता लाभली, असं अक्का सांगत.

आणि याच अक्कांनी एका वर्षी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात साडूंचं नाव देऊन टाकलं. मंडळातल्या बायका त्यांना सारख्या विचारत, "तुमचे हे वाजवतात, की नुसतं पुसतात?" एकदा अक्का तडकून म्हणाल्या, "या वर्षी ऐका!" घरी येऊन साडूंना एवढंच म्हणाल्या, "अख्खं गाणं वाजवायचं. लग्न झाल्यापासून मी अंतऱ्याची वाट बघतेय."

साडू लिगेचरींचा डबा घेऊनच स्टेजवर चढले. पहिली लावली, काढली. दुसरी लावली, मान हलवली. सेक्रेटरी घड्याळाकडे बघू लागले, मागच्या रांगेतून कुणीतरी अर्ध्या कानडीत "स्वल्प लवकर, अण्णा!" म्हणालं आणि सभागृह हसलं. त्या हशानं साडूंनी घाईघाईनं तिसरी उचलली. तिसरीचा स्क्रू निसटला, घरंगळला आणि स्टेजच्या फळ्यांच्या फटीत गेला. ते घामाघूम होऊन डब्याकडे वळले, तर डबा अक्कांच्या काखेत. त्या कधी स्टेजवर आल्या ते कुणालाच कळलं नव्हतं.

"अगं, दे तो."

"मिळणार नाही. परत निवडत बसाल."

"मग रीड कशानं बांधू? तुझ्या डोक्यानं?"

अक्कांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि अंबाड्यातला गजरा ओढून काढला. मोगऱ्याचाच, पण इतकी वर्षं बंगळूरला काढल्यावर त्या त्याला मल्लिगे म्हणत. फुलं ओरबाडून त्यांनी दोरा मोकळा केला आणि साडूंच्या हातात दिला. "यानं बांधा."

साडूंनी बांधला. पुन्हा काढला नाही. मुखडा झाला आणि पाठोपाठ, आम्ही कुणीच तयार नसताना, अंतरा आला. चांगला वाजला असं म्हणणं धाडसाचं होईल. वरच्या सुराला तर पुढच्या रांगेतलं एक बाळ दचकून रडू लागलं. पण गाणं शेवटपर्यंत गेलं. अक्का विंगेत पदरात फुलं धरून उभ्या होत्या आणि टाळ्या थांबल्या तरी तशाच उभ्या राहिल्या.

बाहेर स्कूटरपाशी मी साडूंना गाठलं. वर्षानुवर्षं दिलेल्या परीक्षांचा सूड घ्यायची संधी सोडणं शक्यच नव्हतं. "काय मग? दोऱ्याचा आवाज कसा? पितळेपेक्षा ऊबदार? की आळशी?"

किक मारता मारता साडू थांबले. खरंच आठवून पाहत होते.

"आवाजाकडे लक्षच गेलं नाही हो," ते हळूच म्हणाले. "सारखा मल्लिगेचा वास येत होता."

अक्का शेजारीच उभ्या होत्या. रिकाम्या अंबाड्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला, मागे बसल्या, आणि एरवी स्टेपनीला घट्ट धरून बसणाऱ्या त्या बाईंनी भर रस्त्यात साडूंच्या खांद्यावर हात ठेवला. साडूंनी स्कूटर फारच सावकाश नेली.