अंगठ्याचा खड्डा

कर्जतच्या आमच्या भागात एका माणसाची मोटारसायकल वाजली की लोक आपापली कुत्री घरात घ्यायचे. ते कुत्री पळवणारे नव्हते, जनावरांचे डॉक्टर होते. कुत्र्याच्या मागच्या पायाच्या नळीवर अंगठा दाबायचे, डोळे मिटायचे, मग अंगठा उचलून खाली बघत राहायचे. कातडीत खड्डा तसाच राहिला तर अंगात पाणी साचलंय हे मालकालाही कळायचं. सगळे त्यांना 'अंगठेवाले डॉक्टर' म्हणत, अर्थात माघारी.

धडधाकट कुत्र्याचंही ते रक्त काढून पुण्याला धाडायचे. रिपोर्ट आला की सांगायचे, "आतडं आतून सुजलंय. रक्तातलं अल्ब्युमिन, म्हंजे प्रथिन, उतरलंय, बी-बारा जीवनसत्त्व तळाला गेलंय." मालक हसायचा, कारण कुत्रं समोर उड्या मारत असायचं. पुढे ते खरंच खंगायचं. मलाही त्यांची भीती वाटायची, खोटं कशाला बोलू?

"कुत्रं शेपटी हलवून खोटं बोलतं," ते म्हणायचे. "रक्त न्हाई बोलत."

आमचा सुलतान पोटभर खायचा आणि तरी वाळत चालला होता. जुलाब थांबत नव्हते. रोग त्या अंगठ्यातूनच येतो, असं आईचं ठाम मत. ती सुलतानला खुराड्यामागे दडवायची. शेवटी त्याच्या पायांवर सूज आली तेव्हा मीच डॉक्टरांना बोलावून आणलं. आई दारात आडवी उभी राहिली.

"हात लावू नका त्याला. तुमी बघितलं की जनावर जातं."

"आक्का, मी बघायच्या आधीच ते निघालेलं असतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "मला फकस्त आधी कळतं."

त्यांनी अंगठा दाबून उचलला. खड्डा भरेचना.

गोळ्या, इंजेक्शनं, निराळं खाणं, सगळं झालं आणि सुलतान वाचला. "पण हा आजार जात न्हाई," त्यांनी बजावलं, "दबा धरून बसतो." म्हणून ते संध्याकाळी चक्कर टाकायचे. सुलतान आपण होऊन त्यांच्यापुढे पाय लांब करायचा आणि आई गुपचूप चहा टाकायची.

असाच एकदा चहा पिता पिता त्यांनी पॅन्ट वर सारली आणि स्वतःच्याच नळीवर अंगठा दाबला, सवयीने. मग उचलला. ते आणि मी त्या खड्ड्याकडे बघत बसलो. तो भरला नाही. त्यांनी पॅन्ट खाली ओढली.

"चहा लई ग्वाड झालाय आज," एवढंच म्हणाले.

दिवाळीआधी ते गेले. ज्या माणसाला मी इतकी भ्यायचे त्याच्यासाठी मी आईच्या गळ्यात पडून रडले.

सुलतान अजून संध्याकाळी त्यांच्या रिकाम्या खुर्चीपुढे पाय लांब करून बसतो. मग मीच खाली बसते, अंगठा दाबते, त्यांच्यासारखे डोळे मिटते. रोज डोळे उघडून बघते तोवर कातडी सपाट झालेली असते. काल बघितलं तर खड्डा तसाच होता, आणि सुलतान शेपटी हलवत होता.