बाकी फाइली शून्य

नगरमध्ये लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका शेठच्या दुकानात मी मशीन सांभाळायचो. शेठनी दोन सर्व्हर घेतले होते, एक दुकानात आणि एक भिंगारला त्यांच्या घरी. फाइल एकात ठेवली की तिची प्रत आपोआप दुसऱ्यात जायची. 'एक गेलं तरी दुसरं आहेच' हे शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. माझे कान किटले होते.

नवरात्रात भिंगारची लाइट गेली आणि तिथलं मशीन बंद पडलं. दुकानातलं चालू होतं, कामं येतच होती. त्याच दिवसांत भंडारदऱ्याकडच्या एक मावशी एसटीने आल्या. पिशवीत मुलीच्या लग्नाची जुनी कॅसेट होती.

"चित्र नसलं तरी चालंल, दादा. मालक गेले, त्यांचा आवाज तेवढा राहू द्या. दुसरीकडं कुटंच न्हाई."

कॅसेटला बुरशी आली होती. ती एकदाच चालली, दुकानातल्या सर्व्हरमध्ये उतरली आणि शेवटाला फीत तुटून गुंता झाली. पण आवाज आला होता, मी हेडफोन लावून सगळा ऐकला होता.

भिंगारचं मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा मधल्या दिवसांतलं काहीच त्यात नव्हतं. अशा वेळी चांगलं मशीन मागे पडलेल्याला हळूहळू भरून देतं आणि किती फाइली भरायच्या बाकी आहेत ते एक कमांड दिली की दिसतं. शून्य आलं की दोन्ही सारखी. मी दिवसभर तेच बघत होतो. नेट रडतखडत चालत होतं, लग्नांचे मोठाले व्हिडिओ पुढे होते आणि मावशींची फाइल मागे. संध्याकाळी निघताना शेठना बजावलं, "शून्य येईपर्यंत दुकानातल्या मशीनला हात लावू नका. मावशींची फाइल अजून त्या एकातच आहे."

"हो रे," मोबाईलमधून डोकं न काढता ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्यावर पोट चालतं ते बंद ठेवून, पुसून पुजतात. मी पोहोचलो तर सर्व्हर पाटावर कॅमेऱ्यांच्या शेजारी, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून ठेवलेला. शेठनी सरळ पिन ओढली होती.

"चालू मशीनची पूजा करतात का कुठं? आणि भिंगारचं आहे की!"

वर्षानुवर्षं फिरत राहिलेली डिस्क थांबली की कधीकधी पुन्हा फिरत नाही. ही फिरली नाही. नुसती टकटक करत राहिली. पुण्याला पाठवून बघितली, तिथूनही हात हलवत परत आली.

नवी डिस्क बसवली. आता भिंगारचं मशीन तिला भरू लागलं, पण त्याच्याकडे मावशींच्या फाइलचं नुसतं नाव पोहोचलं होतं, आत काही नव्हतं. त्याने ते रिकामं नाव इमानदारीने इकडे उतरवलं. मी कमांड दिली. बाकी फाइली शून्य.

"बघ, आलं ना शून्य? उगाच बोंबलत होतास," शेठ म्हणाले. त्या माळेनेच त्यांचा गळा आवळावा असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

दिवाळीच्या तोंडावर मावशी आल्या. मी उठायच्या आत शेठनी सांगून टाकलं, "कॅसेटच खराब होती हो मावशी."

त्या बाकावर बसल्या. "माजंच चुकलं. पावसाळाभर पत्र्याच्या पेटीत ठिवली."

मला राहवेना. "मावशी, कॅसेटचा दोष नाही. आवाज आला होता, मी ऐकलाय. आमच्याकडून गेला." शेठ माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिले.

मावशींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मलाच विचारलं, "काय म्हनत हुते?"

"तुम्हाला हाक मारत होते. म्हणाले, 'अगं, पावने ताटकळले, वाढ की लवकर.'"

"पुन्ना म्हना."

मी पुन्हा म्हटलं. डोळे मिटून त्यांनी ऐकलं आणि मान हलवली.

"न्हाई. त्यांचा आवाज असा नव्हता."

पिशवी उचलून त्या स्टँडकडे चालू लागल्या.