आरशातले हात

मावशी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. सगळ्या मंडळीच्याच त्या मावशी. सख्खी भाची विचाराल तर एकही नाही. नवरा गेला तेव्हा पोर कडेवर होती. त्याच सुमाराला ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्याची बोटं वाकडी झाली, आणि कोणीतरी म्हणालं, हिला येतं थोडंफार, हिलाच बसवा. बसवलं. त्या ज्या बसल्या त्या बसल्याच. पगार नाही, पण मान केवढा, असं मंडळी म्हणायची. मान कसला डोंबलाचा! सगळ्यांच्या आधी येऊन धूळ पुसायची, सगळे गेले की खिडक्या लावायच्या, आणि मध्ये कोणी सूर चुकवला तर तो आपणच चुकवला असं तोंड करून बसायचं.

बाकीचा आठवडा इस्पितळाच्या धुलाईघरात. तिथे वाफ इतकी की पलीकडच्या बाईचा आवाज आधी यायचा, तोंड मागून. मशीनमधून चादर निघाली की दोघींनी समोरासमोर धरायची, टोकाला टोक लावायचं, एक झटका द्यायचा आणि पुन्हा टोकाला टोक. मावशींची तिथली जोडीदारीण भारी तोंडाळ होती. "मावशी, तुम्ही घडीसुद्धा तालात घालता हो," ती म्हणायची. "एकदा चुकून बेताल घाला की. बघू तरी देव काय करतो ते." मावशी हसायच्या. पण बेताल काही घालायच्या नाहीत.

राहायला धाकट्या दिराच्या घराच्या माडीवर दोन खोल्या. या भावजींची लाकडाची वखार होती आणि चर्चच्या वडीलमंडळात त्यांचा शब्द शेवटचा. भाऊ गेल्यावर त्यांनीच मावशींना नि पोरीला आसरा दिला. कधी भाडं मागितलं नाही, कधी आवाज चढवला नाही. चढवायची गरजच पडली नाही, असं म्हणा. जेवणाआधी ते प्रार्थना करायचे, आणि घराचं मस्तक पुरुष, जसं मंडळीचं मस्तक ख्रिस्त, हे प्रार्थनेत कुठे ना कुठे यायचंच. त्यांची बायको, म्हणजे मावशींची जाऊ, 'आमेन' सगळ्यांत आधी म्हणून मोकळी व्हायची. भाजी निवत असायची ना!

पोरीला घरात 'वकील' म्हणायचे. लहानपणी तिला मुलांच्या वर्गात शिकवलं की देवाने आदामाला आधी घडवलं, बाईला नंतर, म्हणून पुरुष वरचढ. ही उठून उभी राहिली. म्हणाली, "मग बैल तर आदामाच्याही आधी घडवला. बैल आणखी मोठा का?" सगळा वर्ग खो खो हसला. भावजींच्या कानावर गेलं, तेव्हा ते हसले नाहीत. मावशींनी तिला घरी आणून एक धपाटा घातला आणि मग स्वतःच तोंडाला पदर लावून हसत बसल्या.

तर ही वकील मोठी झाली, बाहेर जाऊन धर्मशास्त्र शिकून आली आणि चर्चच्या कामाला लागली. म्हाताऱ्यांना भेटायची, मरणाऱ्यांपाशी बसायची, नवरा मारतो म्हणून रडत आलेल्या बाईला घेऊन चौकीपर्यंत जायची. पाळकसाहेब थकले होते, गुडघे साथ देत नव्हते. निम्मं काम ही करायची, पण उपदेशाला व्यासपीठावर चढायचं नाही आणि प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावायचा नाही. भाकर घरी भाजायची मात्र मावशींनी. ते चालतं!

शेवटी तिने रीतसर मागणी केली: मला पाळकपदाची दीक्षा द्या. वडीलमंडळात खडाजंगी झाली. म्हणजे भावजी बोलले आणि बाकीच्यांनी ऐकलं. प्रेषिताने स्पष्ट लिहून ठेवलंय, मंडळीत बाईने गप्प राहावं, आम्ही कोण बदलणार? पाळकसाहेब चष्मा पुसत म्हणाले की प्रश्न मोठा आहे, मंडळीलाच विचारू.

आता मंडळीला विचारायची या चर्चची एक तऱ्हा होती. उपासना संपली की सगळ्यांनी डोळे मिटून मान खाली घालायची, ऑर्गनवर हळू आवाजात एखादं गीत सुरू ठेवायचं, आणि ज्याला मान्य असेल त्याने हात वर करायचा. बायांनीही. कोणी कोणाचा हात पाहायचा नाही, म्हणजे नंतर रुसवेफुगवे नकोत. पाहणार एकटे पाळकसाहेब. आकडा सांगायचा नाही. 'मंडळीची इच्छा आहे' किंवा 'नाही' एवढंच. छपराचे पत्रे असेच ठरले, नवीन बाकं अशीच ठरली.

पण पाहणारं आणखी एक माणूस होतं. ऑर्गनचं तोंड भिंतीकडे, त्यामुळे कधी थांबायचं ती खूण दिसावी म्हणून वर एक आरसा ठोकला होता. त्यात पाळकसाहेब दिसायचे आणि त्यांच्या समोरची सगळी बाकंही दिसायची. इतकी वर्षं मावशींनी सगळ्यांचे हात पाहिले होते. बाकांना कोणी नकार दिला, जुन्या पाळकांना कोणी घालवलं, सगळं त्यांना ठाऊक. पण पोटात ठेवावं ते मावशींनीच. एक शब्द कधी ओठांवर आला नाही.

आदल्या दिवशी पोरगी त्यांच्या सुजलेल्या बोटांना तेल चोळत होती. "आई, वाजवताना तुला हात वर करता येणार नाही ना?"

"नाही गं. सूर तुटेल."

"राहू दे. तू फक्त बघ. मी हरणार हे मला माहीत आहे. काका असताना कसली जिंकतेय! पण बायांचे हात किती वर जातात ते मला हवंय. निम्म्या बायांनी जरी हात वर केला ना, तर मी इथेच राहीन. पुढच्या वर्षी पुन्हा मागेन, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. पण बायांनाच मी नको असेन, तर मग मी कोणासाठी डोकं फोडून घेऊ?"

"बघेन हं," मावशी म्हणाल्या.

रविवारी चर्च गच्च भरलं. पोरीला चार शब्द बोलायची परवानगी होती, व्यासपीठाच्या खाली उभं राहून. ती फार बोलली नाही. म्हणाली, "प्रभू उठला हे सगळ्यात आधी बायांना कळलं. त्या धावत येऊन सांगायला लागल्या, तर पुरुषांना वाटलं, बरळतायत. तेव्हा त्या गप्प राहिल्या असत्या, तर आज आपण कोणीच इथे बसलो नसतो. एवढंच." आणि खाली बसली. कोणीतरी खाकरलं. भावजी छताकडे बघत होते.

मग डोळे मिटले गेले आणि मावशींनी गीत सुरू केलं. पाळकसाहेब म्हणाले, "ज्यांना मान्य आहे त्यांनी."

मावशींनी आरशात पाहिलं. आधी काहीच नाही; नुसत्या वाकलेल्या माना. मग मागच्या बाकावरून इस्पितळातल्या नर्सबाईंचा हात वर गेला, सरळ, ताठ. मग शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणींचे. मग ती चौकीवर नेलेली बाई. मग एकेक करत हात उगवतच गेले, बायांचे तर गेलेच, पण पुरुषांचेही! बेकरीवाला, शाळामास्तर, वखारीतले हमालसुद्धा. कुठून आले हे हात, देवा? डोळे मिटलेले, चेहरे घाबरलेले, आणि हात वर. आणि पहिल्या बाकावर, भावजींच्या अगदी शेजारी, जावेचा हात. कोपर अंगाला चिकटलेलं, पंजा जेमतेम खांद्याच्या वर, पण वर. निम्म्याहून अधिक, चांगलेच अधिक.  मावशींची बोटं मात्र चालत राहिली.

एक माणूस डोळे उघडे ठेवून बसला होता. भावजी. ते मागे वळले नाहीत, शेजारीही पाहिलं नाही. नुसते पाळकसाहेबांकडे एकटक बघत होते. पाळकसाहेबांनी एकदा बाकांवरून नजर फिरवली, एकदा भावजींकडे पाहिलं, रुमालाने मान पुसली आणि मावशींना थांबायची खूण केली.

"हात खाली घ्या. मंडळीची इच्छा नाही, असं दिसतं. प्रभूची मर्जी."

सगळ्यांनी डोळे उघडले आणि जो तो आपल्या पायाकडे बघायला लागला. मावशी अर्ध्या उठल्या होत्या. खरंच उठल्या होत्या, तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, "मावशी, शेवटचं गीत," आणि त्या बसल्या. वाजवलं. पाचही कडवी, एकही सूर न चुकता.

खिडक्या लावून किल्ल्या द्यायला त्या मागच्या खोलीत गेल्या, तर पाळकसाहेब गुडघा चोळत खुर्चीत बसले होते. वर न बघताच म्हणाले, "त्या आरशातून सगळं दिसतं का हो तुम्हाला?"

मावशींनी किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या.

"तुमचे दीर उठून गेले असते, मावशी. निम्मे वडीलजन त्यांच्याबरोबर. चर्च फुटलं असतं. एका मुलीसाठी चर्च फोडू का मी? आणि हात कोणाकोणाचे वर होते याची चौकशी झाली असती, ती वेगळीच. तुमच्या जाऊबाईंचं काय झालं असतं, विचार करा."  माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, आणि त्याने जास्त वाटोळं होतं. "तुम्ही सांगा, तुम्हाला काय दिसलं?"

हाच तो क्षण. मावशींना ते कळत होतं. डोळ्यांपुढे काय आलं म्हणाल, तर माडीचा जिना. म्हातारपणी, सुजलेल्या बोटांनी बोचकी घेऊन तो जिना उतरायचा, आणि मग जायचं कुठे? आणि जावेचा तो जेमतेम वर गेलेला पंजा.

"माझं लक्ष सुरांकडे होतं," मावशी म्हणाल्या आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

घरी पोरगी दारातच उभी होती. चप्पलही काढली नव्हती तिने. "किती होते?"

वाटेत मावशींनी ठरवलं होतं की हिला तरी सांगायचं. पण सांगितलं तर ही गप्प बसणारी आहे का? आत्ताच्या आत्ता खाली जाऊन काकांच्या तोंडावर बोलेल, उद्या भर चर्चमध्ये उभी राहील, साक्षीला आईला ओढेल. मग जिना आलाच.

"आई, बायांचे किती होते?"

"थोडेच होते गं."

"थोडे म्हणजे?"

"नर्सबाई... नाही, त्याही नसाव्यात. दोन-चार असतील."

पोरगी रडली नाही.  रडली असती तर बरं झालं असतं. आत जाऊन तिने आपली पुस्तकं खोक्यात भरली आणि खोकं पलंगाखाली सारलं. पुढच्या आठवड्यात इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीवर नोकरी धरली. आजाऱ्यांना भेटणं बंद, चर्चला जाणं बंद. नवरा मारतो म्हणून ती बाई पुन्हा एकदा दारात आली, तर हिने दार न उघडताच सांगितलं, "पाळकसाहेबांकडे जा."

आणि मग बाया यायला लागल्या. प्रत्येकीला वाटत होतं, हात वर करणारी आपण एकटीच होतो. जी ती चोरासारखी जिना चढून यायची. शिवणवाल्या बहिणी आल्या, म्हणाल्या, आम्ही केला होता गं. बेकरीवाल्याची बायको आली. एका दुपारी जाऊ वर आली, पोरीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "मी सुद्धा..." आणि खालून हाक आली तशी पुढचं न बोलताच उतरून गेली. पोरगी सगळ्यांना चहा द्यायची आणि त्या गेल्या की म्हणायची, "खोटारड्या!"

शेवटी नर्सबाई आल्या. रात्रपाळी करून थेट, गणवेशातच. मावशी इस्त्री करत होत्या.

"हे बघ," नर्सबाई म्हणाल्या, "मी सगळ्यांत आधी हात वर केला होता. देवाशपथ सांगते. तू काम सोडू नकोस. माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत तू बसली होतीस तिच्याजवळ, मी विसरेन का ते?"

पोरगी हसली. असं हसणं मावशींनी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "सगळ्याच सांगतात, बाई. सगळ्यांनीच हात वर केला. मग गेले कुठे ते हात? तिथे माझं म्हणावं असं एकच माणूस डोळे उघडे ठेवून होतं, ही माझी आई. आता ती माझ्याशी खोटं बोलेल का?"

नर्सबाई मावशींकडे वळल्या. "मावशी, तुम्ही सांगा हिला. तुम्हाला दिसला असेल ना माझा हात? ताठ वर केला होता मी. सांगा ना."

मावशींनी इस्त्री उभी केली. तो हात त्यांना आत्ताही दिसत होता, मनगटावरच्या घड्याळासकट. एक शब्द पुरे होता. पण एक हात खरा म्हटला की मागोमाग सगळेच खरे ठरणार, आणि मग इतके दिवस आई काय करत होती ते पोरीला कळणार. दिराची भीती केव्हाच मागे पडली होती. आता भीती होती ती या समोर उभ्या असलेल्या लेकीची.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "तुमचा काही दिसला नाही मला."

 नर्सबाईंनी पर्स उचलली आणि त्या गेल्या. जिन्यावर त्यांच्या पायांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

पोरगी आईजवळ आली. किती दिवसांनी तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "निदान तू तरी मला खरं सांगितलंस."

मावशींना रडूसुद्धा आलं नाही.