आबा बसले पाहिजेत

चार माणसं एकाच छंदाला लागली की किस्से साठतच जातात. कुणी मुद्दाम जमवत नाही, आणि टाकून देववतही नाहीत. आमच्याकडं तर एका प्लेअरपायी पंधरा दिवसांत एवढे साठले, की आता कुणी नुसतं "आवाज कसा आहे?" विचारलं तरी आम्ही हसत सुटतो.

आमची चौकडी दर रविवारी सकाळी येरमाळ्यात डॉक्टर बालाजींच्या घरी जमते. डॉक्टर जनावरांचे. माने सर शाळेत विज्ञान शिकवतात. मुनीर तेरखेड्याचा, घरचा फटाक्यांचा कारखाना. आणि मी, कळंबचा झेरॉक्सवाला. काम एकच, गाणं नीट ऐकायचं!

डॉक्टरांकडं स्पीकर, अँप्लिफायर सगळं झकास. कमी होती ती चांगल्या डिजिटल प्लेअरची. पुण्याच्या एका दुकानदारानं ओळखीवर दोन प्लेअर पंधरा दिवस वापरायला दिले, एक काळा, एक चंदेरी. आवडेल तो ठेवायचा.

निवडायचा कसा? डॉक्टरांनी पहिल्याच रविवारी अट घातली. "ज्याच्यापुढं आबा बसतील तो ठेवायचा. न्हाय बसले, तर दोन्ही परत!"

आम्ही गारच पडलो. आबा म्हणजे डॉक्टरांचे वडील. चाळीस वर्षं त्यांनी येडेश्वरीच्या यात्रेत हलगी वाजवली. आता खांदा साथ देत नाही, हलगी खुंटीला टांगलेली असते. घरात काहीही लावलं, तरी आबा दोन मिनिटांत उठून बाहेर लिंबाखाली जातात. जाताना फक्त एवढंच म्हणतात, "डब्यातलं हाय."

हे डॉक्टरांना फार लागतं. एकदा मला म्हणाले, "गाण्याचा कान मला आबांनी दिला. आन् तेच माझ्याशेजारी बसंनात. एकदा बसावं, बास!" हसत म्हणाले खरं, पण मला ते ऐकून वाईट वाटलं.

*

खोकी उघडली तेव्हा डॉक्टरांच्या पत्नी, स्वातीवहिनी, चहा घेऊन आल्या. "ह्याच्यातनं आवाज कुठनं येतो?"

माने सरांनी समजावलं, "वहिनी, ह्यातून आवाज येत नाही. हा इंटरनेटवरचं गाणं घेतो, स्वच्छ करतो आणि पुढं अँप्लिफायरला देतो."

"म्हंजी एवढा महागाचा, आन् स्वतः काही बोलत न्हाय?"

"नाही."

वहिनींनी डॉक्टरांकडं एकवार बघितलं. "असू द्या. मला सवय हाय!"

*

चंदेरी प्लेअर चालू व्हायला वेळ घ्यायचा. बटण दाबलं की एक दिवा लुकलुकत राहायचा, बाकी सगळं थंड. पहिल्यांदा लावला तेव्हा मुनीर बटण दाबून झटकन चार पावलं मागं सरकला. धंद्याची सवय!

एक मिनिट गेलं. दीड गेलं. आम्ही सगळे श्वास रोखून बसलेलो.

मुनीर तिथूनच म्हणाला, "एवढी लांब वात? आमच्याकडं असला माल गिऱ्हाईक परत आणून टाकतं!"

*

त्याच दिवशी दुपारी काळ्या प्लेअरमधून बारीक घरघर यायला लागली. डॉक्टरांनी सरळ स्टेथोस्कोप कानाला लावला, दुसरं टोक प्लेअरच्या पाठीवर टेकवलं आणि डोळे मिटून ऐकत बसले. मी शेजारी टॉर्च धरून उभा.

तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी म्हशीचं औषध न्यायला आले. दारातच थबकले. बराच वेळ बघत राहिले.

"काय झालंय त्याला?"

"घरघर हाय, मामा," डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले.

मामांनी मान डोलावली. "चारा बदलून बघा."

डॉक्टरांनी वायर बदलून बघितली. घरघर थांबली! तेव्हापासून आमच्यात वायरीला चाराच म्हणतात.

*

माने सर इंटरनेटवर परीक्षणं वाचून यायचे आणि सगळं वहीत उतरवायचे. म्हणाले, "डोळ्यांना दिसलं की कान फसतो. टेस्ट झाकूनच पाहिजे!" मग दोन्ही प्लेअरवर घोंगडं पडलं. सर डोळे मिटून खुर्चीत बसले. मुनीरनं न सांगता प्लेअर बदलायचा आणि सरांनी ओळखायचं.

थोड्या वेळानं सर एकदम ताठ झाले. "हां! बदलला! काय मोकळेपणा आला बघा. तंबोरा डावीकडं सरकला. गायकाच्या मागं भिंत दिसायला लागली!"

पाच मिनिटं सर बोलत होते. आम्ही एकमेकांची तोंडं बघत होतो.

शेवटी मुनीर हळूच म्हणाला, "सर, म्या अजून बदललाच न्हाय."

सरांनी डोळे उघडले, वही मिटली आणि चहा मागितला.

*

शेजारच्या शेतातली मोटर सुरू झाली की डॉक्टरांच्या घरचं व्होल्टेज खाली यायचं. एका रविवारी सरांनी फर्मान काढलं, "मोटर चालू असताना निर्णय घ्यायचा नाही!" डॉक्टरांनी शेजारच्या नानांना फोन लावला आणि दहा मिनिटं मोटर बंद ठेवायची विनंती केली.

नाना भला माणूस. मोटर बंद केली आणि बांधावरून चालत थेट घरात आले. एवढं काय ऐकतात ते बघायला! मांडी घालून अख्खा ख्याल ऐकला.

"कसं वाटलं, नाना?" डॉक्टरांनी विचारलं.

"लई झ्याक," नाना उठत म्हणाले. "पर माझ्या चार सऱ्या भिजल्या असत्या."

*

बघता बघता शेवटचा रविवार आला. सोमवारी दुकानदाराचा माणूस येणार होता आणि आबा अजून एकाही प्लेअरपुढं बसले नव्हते. माने सरांनी कुठूनतरी हलगीचं रेकॉर्डिंग शोधून आणलं होतं, कुण्या तरुण पोरांनी स्टुडिओत केलेलं.

आधी काळा लावला. आबांनी उभ्याउभ्याच चार ठोके ऐकले. "डब्यातलं हाय." आणि निघाले लिंबाखाली.

डॉक्टरांनी चंदेरी लावला. दिवा लुकलुकला, आम्ही वाट बघितली आणि हलगी सुरू झाली.

आबा विसरलेली पान-तंबाखूची चंची न्यायला परत आले होते. उंबऱ्यावर एक पाय आत, एक बाहेर, तसेच थांबले. मान जराशी कलली. मग आत आले. स्पीकरपुढं डॉक्टरांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. बोटं खुर्चीवर हलायला लागली. डॉक्टर त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हते. मुनीरनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

अचानक आबांची बोटं थांबली. कपाळाला आठी पडली.

"बालाजी, बंद कर."

डॉक्टरांनी आवाज बंद केला. त्यांचा चेहरा बघवेना. "का वो, आबा?"

"आरं, हलगी तापवलेलीच न्हाय! कातडं वलं हाय, बद्द वाजतंय." आबांनी खुर्ची पुढं ओढली आणि चंची मांडीवर घेऊन ऐसपैस बसले. "त्या पोरांला म्हणावं, आधी जाळावर शेकून घ्या. तवर मी बसतो हितंच."