भरलेली कढई, रिकामी कढई

"चार म्हणजे चारच. पाचवं फोडलं असतं तर पाच लिहिलं असतं. अंड्यात काय खोटं बोलायचं, बाई?"

काटेकाका खुर्चीच्या टोकावर बसले होते आणि दवाखान्यातली आहारवाली बाई त्यांची वही उलटसुलट करून बघत होती. बाई म्हणजे कालची पोरगीच, पण बोलायला खमकी.

"खोटं बोलता असं कुठं म्हटलं मी, काका? नीट ऐका. चार अंडी, म्हणजे तीनशेला थोड्या कमी कॅलरी. दोन मोठे चमचे तेल, अडीचशेला दहा कमी. कांदा-टोमॅटो धरून तुमची भुर्जी गेली सहाशेच्या घरात. प्रथिनं पंचवीस ग्रॅम. वर दोन पाव. रोज सकाळी एवढं पोटात जातंय, आणि महिन्यात वजन दीड किलोनं उतरलंय. कसं?"

"तुमचा काटा बघून घ्या एकदा."

"गेल्या आठवड्यातच तपासलाय."

"कुणी तपासला?"

पोरगी हसली. काका हसले नाहीत. काट्याची चेष्टा त्यांना चालत नसे. बत्तीस वर्षं ते वजनकाट्यावर होते. भरलेला ट्रक काट्यावर चढवायचा, आकडा लिहायचा. माल उतरवून रिकामा ट्रक परत आला की पुन्हा आकडा लिहायचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की राहील तो माल. ड्रायव्हर लोक म्हणायचे, काटेकाका माणसाला राम राम घालायच्या आधी मनात त्याचं रिकामं वजन काढतात. यात फारसं खोटं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी ताडपत्री तपासायला ट्रकवर चढताना त्यांना चक्कर आली, आणि काका पोत्यासारखे खाली आले. हाड मोडलं नाही, पण कंपनीच्या साहेबानं बजावलं, अंगात ताकद आहे असं दवाखान्याकडून लिहून आणा, नाहीतर काटा सोडा. काटा सोडायचा म्हणजे काट्यामागची खोलीही सोडायची. त्या खोलीबाहेर काकांचं काही नव्हतं. बायको केली नाही, भाऊ होता तो गेला. एका कागदावरच्या सहीला सगळं लटकलेलं, आणि सही या पोरीच्या हातात.

"बरं, मला सांगा, वजन कसं करता भुर्जीचं?" तिनं वही मिटली. "पहिल्यापासून सांगा."

हे विचारल्यावर काकांची कळी खुलली. "अंदाजानं लिहू नका, वजन करून लिहा, म्हणालात ना? मग तसंच. पहाटे पाचला भुर्जी झाली की कढई तुम्ही दिलेल्या छोट्या काट्यावर ठेवतो. भरलेलं वजन. संध्याकाळी कढई घासली की पुन्हा ठेवतो. रिकामं वजन. वजा केलं की पोटात गेलेला माल."

"संध्याकाळी? खाता तर पहाटे."

"खातो पहाटेच. कढई संध्याकाळी मोकळी होते."

"म्हणजे सगळी भुर्जी पहाटे संपत नाही?"

"अर्धीच खायची असते की. अर्धी झाकून ठेवतो."

"कुणाला?"

"जोडीदार येतो रात्रपाळीवरनं."

"मग तो खातो का?"

काका भिंतीवरच्या फळांच्या चित्राकडं बघत राहिले. केळी, सफरचंदं, कुणीच हात न लावलेली.

"खायचा," ते म्हणाले. "आठ महिने झाले. पोरगा घेऊन गेला त्याला."

जोडीदाराबरोबर काकांनी एकवीस वर्षं एकाच खोलीत काढली. काका काट्यावर दिवसपाळीला, तो रात्रपाळीला. खाट एकच. एक उठायचा तेव्हा दुसरा आडवा व्हायचा, त्यामुळे अंथरूण कधी गार पडलं नाही. पण दोघं एका वेळी जेवले असतील तर मोजून तीन-चारदा. सकाळी सहाला पाळी बदलताना दारात गाठ पडायची. "आज मिरची जास्त झालीय," एवढं काका सांगायचे. संध्याकाळी कढई घासून पालथी घातलेली असायची. मिरची सोसली की नाही, ते त्यावरून समजून घ्यायचं. दोन माणसांची बोलाचाली ती एवढीच, पण एकवीस वर्षांत तिच्यात खंड नव्हता.

तो गेल्यावर काकांनी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा सुनेनं उचलला. "बाबा झोपलेत. दिवसभर झोपतात आणि रात्रभर घरात फेऱ्या मारतात, आमचा जीव नकोसा झालाय." काका म्हणाले, असू दे, उठवू नका. ते जागे असताना तो झोपलेला. रात्री नऊला त्यांचा डोळा लागायचा, तेव्हा तो उठायचा. पाळी काही सुटली नव्हती. पोरीनं खोदून विचारलं तेव्हा काकांनी हेही सांगून टाकलं.

"आणि ती अर्धी भुर्जी जाते कुठं?" पोरीनं विचारलं.

"संध्याकाळपर्यंत आंबते. कुत्र्यांना घालतो."

"म्हणजे तुम्ही खाता तीनशे आणि लिहिता सहाशे."

"गाडी भरून आली, रिकामी गेली, म्हणजे माल उतरला. कुठं उतरला ते काट्याला काय कळतं, बाई?"

"कुत्री कशी आहेत?"

"गोल झालीत."

ती हसली, पण या वेळी जपून. "काका, खोटं मी लिहिणार नाही. पंधरा दिवस देते. चारही अंडी तुमच्या पोटात गेली पाहिजेत. नाहीतर दोनच फोडा आणि दोनच लिहा, पण मग वजनाचं काय करायचं ते तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी काकांनी दोन अंडी फोडून बघितली. कढई मोठी, भुर्जी तळाला लागून करपली. तिसऱ्या दिवशी परत चार. सवयीप्रमाणे त्यांनी कलथ्यानं मधोमध रेघ मारली, आपली बाजू खाल्ली आणि थांबले. पोट नाही म्हणत नव्हतं, हात म्हणत होता. दुसऱ्याच्या डब्यात हात घालावा तसं वाटलं. मग उभ्याउभ्याच, कढई हातात धरून, त्यांनी पलीकडची बाजू खाल्ली. मीठ बरोबर होतं. हे सांगायचं कुणाला? कढई तिथल्या तिथं घासली, सहाच्या आत. कुत्री दोन दिवस संध्याकाळी दाराशी बसली, तिसऱ्या दिवशी फिरकली नाहीत. त्यांचं तरी काय चुकलं?

पंधराव्या दिवशी दवाखान्याच्या काट्यानं नऊशे ग्रॅम जास्त दाखवले. काकांनी उतरून पुन्हा चढून बघितलं. आकडा तोच.

"फार नाही," पोरगी म्हणाली, "पण चढतंय." तिनं सही केली, ती एका महिन्यापुरती. "पुढच्या महिन्यात परत या. आणि रविवारी रात्री दहापर्यंत जागं राहून फोन करा जोडीदाराला. एक दिवस झोप कमी झाली तर वजन उतरत नाही."

"बघू," काका म्हणाले. 'बघू' म्हणजे नाही, हे तिला ठाऊक नसावं. किंवा असावंही.

ते परतले तेव्हा बदली माणूस जेवायला गेलेला आणि काट्यापुढं तीन ट्रक खोळंबलेले. पहिल्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "काय काका, दवाखान्यात मुक्कामाला होता काय? माल उन्हात वाळून हलका होतोय माझा."

"वाळू दे, पावतीत लिहितो तसं," काकांनी कागद खिशात घातला आणि काट्याच्या केबिनीत चढले. "मागचं चाक रेघेच्या बाहेर आहे. घे आत. अजून. बस."

इंजिन बंद झालं. आकडा थोडा वेळ खालीवर हलला. तो स्थिर होईपर्यंत काका पेन धरून थांबले.