कोंबडीतली तिरफळं

मागच्या दारी शेवाळलेल्या चिऱ्यावरून मी घसरले, उजव्या हाताला प्लास्टर पडलं आणि मुंबईच्या मुलाने फोनवरच निकाल देऊन टाकला. रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन येतो, सोमवारी सकाळी आईला घेऊन जातो. बाबांना स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही, मग आई गुहागरात राहून खाणार काय?

मला मुंबईला जायचं नव्हतं. तिथे मला सोफ्यावर बसवून ठेवतात आणि शिंकले तरी डॉक्टरकडे नेतात. नवऱ्याला मी हे स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, रविवारचं जेवण मी करतो, पोरगा जेवला की गप्प बसेल.

या माणसाने आजवर गॅस पेटवला तो फक्त दाढीच्या पाण्यासाठी. सुनेला दया आली असावी, तिने एक व्हिडिओ पाठवला. कोंबडी, बटाटे, गाजरं, सगळं एकाच कढईत, वर झाकण, की झालं जेवण. एकच भांडं म्हटल्यावर नवऱ्याला हुरूप आला, कारण सध्या भांडीही तोच घासत होता.

आमच्याकडे सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा. उरलेल्या वारी देव आमच्या ताटात डोकावत नाहीत. रविवारी दुपार कलल्यावर नवऱ्याने पडवीतली कोंबडीची वेगळी कढई आणली. मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले. तोंड उघडायला मला मनाई होती.

गाजरं मिळाली नव्हती, म्हणून शेवग्याच्या शेंगा आणि परसातला लाल भोपळा आला. कोंबडीत भाजी दिसली की आमच्याकडे पाहुण्याला वाटतं, कोंबडी कमी पडली. कांदा लाल झाला, आलं-लसूण पडलं, घरचा मसाला पडला, कोंबडी परतली आणि वास चक्क बरा सुटला. आत माझी बॅग भरून तयार होती. ती आता रिकामी करावी लागेल, असं पहिल्यांदाच वाटलं. तेवढ्यात त्याने फडताळातून एक डबा काढला आणि मूठभर तिरफळं कढईत टाकली.

तिरफळ आम्ही बांगड्याच्या कालवणात घालतो, तेही मोजकंच. जिभेला मुंग्या येतात त्याने. कोंबडीत ते कुणी शत्रूलाही घालत नाही. पण हा गृहस्थ जन्मभर माझ्या मागे उभा राहिला तो मासे शिजताना, कारण मासे तो स्वतः निवडून आणायचा. त्याच्या लेखी तिरफळाशिवाय कालवण होतच नाही. मी कपाळाला हात लावला, डावा.

मुलगा आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. पहिल्या घासाला पाणी प्याला, दुसऱ्या घासाला पाणी प्याला, मग शेंगा चोखत बसला. भोपळा विरघळून रश्शात गेला होता. माझे ओठ बधिर झाले होते, पण मी डाव्या हातात चमचा धरून सगळं संपवलं आणि छान झालंय म्हणाले. मुलगा हसला. मग भाताकडे बघत त्याने हळूच विषय काढला, की आजचं ठीक आहे, पण रोज असं कसं चालणार.

नवऱ्याने ताटातून मान वर केली नाही.

"मला जेवण येत नाही, ते दिसतंच आहे," तो म्हणाला. "पण तिला नेऊ नको रे. ती नसली की मला ह्या घरात बसवत नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याबद्दल असं वाक्य त्याने माझ्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मुलाला वाटलं, तिरफळ लागलं, म्हणून त्याने तांब्या पुढे केला. मी तो बाजूला सारला आणि रिकामं ताट नवऱ्यापुढे धरलं.

"अहो, वाढा आणखी."